जुन्या सागवानी टेबलाला कोणतं पॉलिश?

मागच्या वर्षी गणपतीच्या आवराआवरीत टेबल पुसताना माझं नख टॉपच्या एका कडेला अडकलं आणि पॉलिशचा पारदर्शक पापुद्रा उचकटला. ओढून पाहिला तर येतच गेला. चांगला वीतभर, गार दुधावरची साय बोटानं उचलावी तसा. उजेडात धरून बघितला. त्यावर ना डाग, ना ओरखडा. पॉलिश अगदी ठणठणीत होतं, फक्त ते टेबलाला चिकटलेलं नव्हतं.

टेबल आजोबांचं, गिरगावातल्या चाळीतलं. बर्मा टीकचं, दोन खणांचं. त्यावर आजोबांनी हिशेब लिहिले, आत्यांनी अभ्यास केले, दिवाळीत चकल्या वाळत पडल्या. सत्तरच्या दशकात कोणीतरी हौसेनं वर क्रीम रंगाचा सनमाइका चिकटवला. पुढे चाळीतली खोली गेली, टेबल दहिसरला आमच्याकडे आलं आणि तीन वर्षांपूर्वी मी ते दुरुस्त करायला काढलं. गरम इस्त्री आणि पातळ पटाशी घेऊन सनमाइका सुटा केला, डुगडुगणारे सांधे उघडून पुन्हा बसवले. खालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. "आता याला सगळ्यात टिकाऊ पॉलिश मारा," मी पॉलिशवाल्याला सांगितलं. महिना जुलैचा. त्यानं मान डोलावली आणि टू पॅक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं कडक पॉलिश, फवारून दिलं.

यात त्याची चूक किती आणि माझी किती, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी या हिवाळ्यात लालबागच्या एका सत्तरीतल्या मिस्त्रींना गाठलं आणि त्यांच्या शेजारी बसून सगळं पहिल्यापासून केलं. त्या दोन महिन्यांत जे कळलं ते सांगते. "सगळ्यात टिकाऊ कोणतं?" असं विचारलं की उत्तर येतं ते सगळ्यात कडक पॉलिशचं. जुन्या टेबलाच्या बाबतीत विचारायला हवं ते वेगळं: हे खराब झालं की घरच्या घरी नीट करता येईल का? कारण खराब तर ते होणारच आहे. रोज वापरलं जाणारं टेबल आहे ते.

आधी लाकडाची काळजी सोडून द्या. सागवान आपल्यापेक्षा जास्त जगतं. वाडिया या जहाजं बांधणाऱ्या घराण्यानं, आपल्या मुंबईत, १८१७ साली बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे मलबारी सागाचं लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे. आपलं टेबल तर छताखाली उभं आहे. १८६३ साली मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' सुरू झाली आणि ब्रह्मदेशातल्या सागाच्या व्यापारात पुढे तिचं मोठं नाव झालं. जुन्या चाळींचे जिने, कठडे, कपाटं, टेबलं यांत 'बर्मा टीक' हा शब्द इतका मुरलाय तो या व्यापारामुळे. घरात ठेवलेल्या सागाला पॉलिशची गरज असते ती डाग आत जाऊ नयेत, मळ बसू नये आणि हवेतला ओलावा लाकडात एकदम घुसू नये म्हणून. 'एकदम' हा शब्द महत्त्वाचा आहे. ओलावा थांबवणारं पॉलिश नसतंच. सगळी पॉलिशं त्याचा वेग फक्त कमी करतात.

आणि इथेच मुंबईची गोष्ट सुरू होते.

आमच्या टेबलाचा टॉप चार फळ्या जोडून केलेला आहे. डिसेंबर-जानेवारीत मधल्या दोन फळ्यांच्या फटीत पोस्टकार्ड सरकतं. ऑगस्टमध्ये त्याच फटीत साधा कागदही जात नाही. लाकूड पावसाळ्यात ओलावा पितं आणि रुंदीत फुगतं, हिवाळ्यात सोडतं आणि आक्रसतं. लांबीत फरक जवळपास शून्य, सगळा खेळ रुंदीचा. सागाचं हे हलणं इतर लाकडांपेक्षा बरंच कमी, तरीही अडीच फूट रुंदीच्या टॉपमधला ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर तो ३ ते साडेपाच मिलिमीटर सरकतो. नेमका किती, हे फळ्या ओंडक्यातून कशा कापल्यात त्यावर ठरतं. त्यात एसीच्या खोलीत ठेवलं तर आतली हवा कोरडी, दार उघडलं की बाहेरची दमट, म्हणजे टेबलाला वर्षातून एकदा नाही, आठवड्यातून दहादा ऋतू बदलल्यासारखं होतं.

आता या सरकत्या जमिनीवर काचेसारखा कडक थर चढवला तर काय होईल? फळ्यांच्या सांध्यावर तो तडकतो. तडकलेल्या रेषेतून पाणी खाली जातं, थराखाली पसरतं आणि थर उचलायला लागतं. म्हणून थर कडक असण्याइतकाच थोडा लवचिक असायला हवा, आणि पातळ असायला हवा. जाड काचेसारखी चकाकी दुकानात छान दिसते. जुन्या टेबलावर ती मला तरी आजीला नायलॉनची साडी नेसवल्यासारखी वाटते.

जाता जाता: ती पोस्टकार्डाची फट लांबी (पुट्टी) भरून बुजवू नका. मी एका हिवाळ्यात हौसेनं बुजवली होती, जुलैमध्ये फुगलेल्या फळ्यांनी ती दातातल्या कणासारखी बाहेर काढून ठेवली. आणि पॉलिश टॉपच्या खालच्या बाजूलाही मारा. नुसत्या वरच्या अंगाला मारलं की ओलावा खालून आत-बाहेर करत राहतो, दोन बाजू वेगवेगळ्या वेगानं फुगतात आणि फळी बशीसारखी होते. खालून चकाकी नको, पण थर हवा.

गुळाचा पाक आणि दही

पॉलिशची नावं ऐकून डोकं गरगरतं: फ्रेंच, लाख, एनसी, मेलामाइन, पीयू, सिंगल पॅक, टू पॅक, मॅट, ग्लॉस. मिस्त्रींनी मला ती दोन डब्यांत टाकून दिली आणि त्या दिवसापासून गोंधळ मिटला.

पहिल्या डब्यातली पॉलिशं नुसती वाळतात. गुळाचा पाक गार होऊन चिक्कीसारखा घट्ट होतो, पण पाण्यात टाकला की पुन्हा विरघळतो, तशी. लाखेचं पॉलिश (फ्रेंच पॉलिश म्हणतात ते हेच) स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असतं; स्पिरिट उडून जातं, लाख मागे राहते. वीस वर्षांनी त्यावर पुन्हा स्पिरिट लावलं तर ती पुन्हा मऊ होते. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचंही तेच, फक्त स्पिरिटऐवजी थिनर.

दुसऱ्या डब्यातली पॉलिशं विरजण लागल्यासारखी बदलतात. दह्याचं पुन्हा दूध होत नाही. मेलामाइन, पीयू, तेलाचं व्हार्निश यांत वाळताना रासायनिक क्रिया होते, रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि जाळं तयार होतं. ते जाळं पाणी, स्पिरिट, लिंबू, गरम कप यांना फारशी दाद देत नाही. पण काढायचं म्हटलं तर खरवडणं, घासणं किंवा जहाल रिमूव्हर, एवढेच मार्ग. घासताना वरचं जुनं लाकूड जातं, आणि त्याबरोबर ऐंशी वर्षांत हातांनी आणि उजेडानं आलेला तो रंगही. तो रंग कुठल्याही डब्यात विकत मिळत नाही.

म्हणजे पहिल्या डब्यातली पॉलिशं लवकर दुखावतात आणि लवकर बरी होतात. दुसऱ्या डब्यातली सहसा दुखावत नाहीत, पण दुखावली की ऑपरेशनच. निवड करायची ती या दोन स्वभावांमध्ये.

लाख

लाख एका बारीक किड्यापासून मिळते. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर ते किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच करतात. ते खरवडून, वितळवून, पातळ पत्र्यासारखं ताणून मोडलं की होतो चपडा. या लाखेवर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ १९२४ पासून आहे. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेच्याच असत. हातातून पडल्या की फुटायच्या, आणि उन्हात राहिल्या की वाकायच्या. लाखेचा सगळा स्वभाव त्यात आला: कडक, ठिसूळ, उष्णतेपुढे मऊ. लाक्षागृहाची गोष्ट तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे, त्यामुळे पेटते हे वेगळं सांगायला नको. पण लाखेआधी तिचं स्पिरिट पेटतं. पॉलिश चालू असताना घरात गॅस बंद, देवाजवळची निरांजनही बंद. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

लाखेचे शत्रू मोजके आणि घरातलेच. पातेल्यातून थेट ओतलेला चहाचा कप, कारण ६५-७० अंशांच्या पुढे ती मऊ पडायला लागते. साबणाचं किंवा सोड्याचं पाणी. आणि स्पिरिट असलेलं काहीही. २०२० नंतर घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या आणि जुन्या टेबलांवर गोल-गोल चट्टे उमटले, ते यामुळेच. अत्तराच्या बाटलीनंही तसंच होतं.

मग तरी जुन्या वस्तूंची काळजी घेणारी माणसं लाखेलाच का धरून बसतात? कारण दुरुस्ती. मिस्त्रींनी मला आमच्या खणाच्या वरच्या पट्टीवरचा एक पांढरा चट्टा दाखवला. मलमलच्या तुकड्यात कापूस बांधून केलेली लिंबाएवढी पुरचुंडी, तिला अगदी नावापुरतं स्पिरिट. ती त्यांनी चट्ट्यावरून विमान उतरून लगेच पुन्हा उडावं तशी चार-पाचदा फिरवली. कुठेही थांबले नाहीत. "थांबलात की चिकटली," ते म्हणाले. मिनिटभरात चट्टा गेला. लाख क्षणभर मऊ झाली, आत अडकलेला ओलावा बाहेर पडला, लाख पुन्हा बसली. पीयूवरच्या चट्ट्याला हे करता येत नाही.

याच्यावरून एक ओळख सांगून ठेवते. पांढरा चट्टा पॉलिशच्या थरात असतो, काळा डाग लाकडात. सागातल्या टॅनिनची ओल्या लोखंडाशी गाठ पडली की काळं पडतं; कुंडीखालचा गंजका स्टँड, खिळे, विसरलेली कात्री. तो डाग ऑक्झॅलिक आम्लानं निघतो, पण ते विषारी आहे, हातमोजे घालून, नंतर स्वच्छ पाण्यानं पुसून घ्यावं लागतं. लहान मुलांच्या घरात हे काम मिस्त्रींवर सोपवा.

घरी लाख करायची असेल तर लिटरभर स्पिरिटमध्ये दोनशे ते अडीचशे ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत. लोखंडी डब्यात ठेवली की काळी पडते. एक रात्र विरघळू द्या, मग दोन-तीन दिवस हलवू नका. तळाशी पांढुरका गढूळ थर बसतो, वर कोऱ्या चहासारखं निवळ पाणी राहतं. तळाचा थर म्हणजे लाखेतलं नैसर्गिक मेण. वरचं निवळ हलक्या हातानं दुसऱ्या बरणीत ओतून घ्या. या मेणाची गोष्ट पुढे येणार आहे. आणि वर्षानुवर्षं ठेवलेलं तयार पॉलिश वापरू नका. विरघळलेली लाख शिळी होते, मग कितीही दिवस ठेवली तरी चिकटच राहते. शंका असेल तर काचेवर एक थेंब टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी नखाचा ठसा उमटला तर बाटली टाकून द्या.

बाकीची मंडळी

एनसी लॅकर पटकन वाळतं, स्वस्त पडतं, आणि पाण्यापुढे लाखेपेक्षा बरं टिकतं. थिनरचा वास भयंकर. टेबलाच्या टॉपसाठी मला त्यात खास काही दिसत नाही.

मेलामाइन आपल्याकडच्या फर्निचरवाल्यांचं लाडकं. आम्लाच्या मदतीनं घट्ट होतं, कडक असतं, पण जाड झालं की तडकतं, आणि नवं असताना त्यातून फॉर्मल्डिहाइड निघतं. नव्या कपाटाचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात ना, ते. जुन्या टेबलासाठी माझं मत स्पष्ट आहे: नको.

पीयूबद्दल मात्र माझ्या अनुभवावरून वाईट मत करून घेऊ नका. पॉलियुरेथेन १९३७ साली जर्मनीत ओट्टो बायर यांच्या प्रयोगशाळेत जन्माला आलं, आणि आज टेबलटॉपसाठी कडक, चिवट आणि लवचिक असं त्याच्या तोडीचं फारसं काही नाही. टू पॅक म्हणजे दोन डबे, एकात राळ, दुसऱ्यात हार्डनर. मिसळले की घड्याळ सुरू. ठरावीक वेळात संपवायचं, उरलेलं डब्यातच दगड होतं. हळद, तेल, लिंबू, गरम ताट, सगळं सहन करतं. उजेडात पिवळं न पडणारा प्रकार मागून घ्यावा लागतो, कारण स्वस्तातला पिवळा पडतो.

त्याच्या अटी दोन. पहिली, हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढे काहीच कामाचा नाही. कारागिराला योग्य फिल्टरचा मास्क हवा. राहत्या फ्लॅटमध्ये, शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असताना हे फवारणं चूक आहे. टेबल कारखान्यात पाठवा. दुसरी अट म्हणजे खालचा पृष्ठभाग. तिथेच आमचं घोडं अडलं.

माझ्या त्या सायीचं, म्हणजे उचकटलेल्या पापुद्र्याचं, कारण असं. टेबलाच्या नसांमध्ये जुन्या फ्रेंच पॉलिशची लाख मुरलेली होती, तिच्यात मेण होतं, वर आजी दर दिवाळीला मेणाचं पॉलिश चोळायची ते वेगळं. पीयू मेणाला चिकटत नाही. शिवाय साग मुळात तेलकट लाकूड. ताजं घासलेलं सागवान हाताला बुळबुळीत लागतं. त्यामुळे पॉलिश मारण्याच्या अगदी आधी ते स्पिरिटनं किंवा थिनरनं पुसून घ्यावं लागतं, आणि पुसलं की लगेच पहिला हात मारावा लागतो, नाहीतर आतलं तेल पुन्हा वर येतं. भरीला जुलैची हवा. आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे होतात. माझ्या पापुद्र्यात भिंगाखाली ते टाचणीच्या टोकाएवढे दिसत होते. मेण, तेल आणि पाऊस, तिन्हींनी मिळून ती साय धरली.

म्हणून नवं काही लावण्याआधी जुनं काय आहे ते ओळखा. टॉपच्या खालच्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा एक थेंब. मिनिटभरानं चिकट झालं तर लाख. तसंच राहिलं तर दुसरीकडे थिनरचा थेंब. विरघळलं तर एनसी. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर दह्याच्या डब्यातलं काहीतरी आहे. आणि नखानं खरवडल्यावर साबणासारखी वळी निघाली तर वर मेण आहे, ते आधी टर्पेंटाइननं पुसून काढायचं.

आता तेलं. अळशीचं म्हणजे जवसाचं तेल किंवा टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) लाकडात मुरतं, रंग खुलवतं, थर दिसत नाही, हाताला लाकूडच लागतं. कच्चं अळशीचं तेल वाळायला आठवडे घेतं, मुंबईच्या पावसात तर विचारू नका. त्यावर बुरशीही येते. हळदीचं बोट लागलं तर तेल लावलेल्या सागात ती आरामात उतरते. (हळदीवर साबण चोळला की डाग लाल होतो, कुंकू करतात त्याच न्यायानं. घाबरू नका. टेबल दोन दिवस खिडकीच्या उन्हात ठेवलं की हळद फिकी पडते.) कोकणात वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलांचं काळं तेल लावतात, ते टेबलाला लावायचा सल्ला मला एका मामांनी दिला होता. ते लाकूड वाचवतं खरं, पण काळं करतं आणि ओलं असताना कातडीवर फोड आणतं.

आणि तेलाच्या चिंध्या. अळशीच्या तेलानं भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकते. तेल हवेतला ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते, वाढत जाते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. चिंध्या एकेक पसरून बाल्कनीच्या दांडीवर वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. कचऱ्याच्या डब्यात कधीच नाही.

याच तेलांत राळ शिजवली की होतं तेलाचं व्हार्निश. दुकानात सिंगल पॅक म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं याच घराण्यातलं, हवेतल्या ऑक्सिजनवर घट्ट होणारं. टू पॅक पीयूइतकं चिवट नाही, पण चहा, पाणी, लिंबू, सॅनिटायझर यांपुढे लाखेपेक्षा खूपच बरं, आणि टर्पेंटाइननं पातळ करून कापडानं पुसत-पुसत लावता येतं. फवारायची मशीन नको. ओरखडा पडला तर तेवढाच भाग ४०० नंबरच्या सँडपेपरनं घासून वर एक हात मारता येतो. जोड थोडा दिसतो, पण घरात कोण भिंग घेऊन बसलंय.

आम्ही काय केलं

मला सुचलंच नव्हतं ते मिस्त्री म्हणाले, "ताई, टॉप आणि पाय एकाच पॉलिशचे कशाला पाहिजेत? पायांवर कोण चहा ठेवतो?" मार तो सगळा टॉप खातो. मग पायांना, खणांना आणि बाजूच्या पट्ट्यांना लाख आणि वर मेण. टॉपला लाखेचा अस्तराचा हात आणि त्यावर व्हार्निश. अस्तराला मात्र ती निवळून घेतलेली, बिनमेणाची लाख. ती तेलकट सागालाही धरते आणि वरच्या थरालाही, दोन न पटणाऱ्या पाहुण्यांच्या मधे बसलेल्या समजूतदार मावशीसारखी. तळाचा मेणाचा गढूळ थर त्यात आला असता तर पुन्हा सायच धरली असती.

पीयूचा उरलेला थर खरवडून निघाला. त्यानंतर घासायचं ते फार नाही: १८० नंबर, मग २२०, नेहमी रेषांच्या दिशेनं, हातानं. मशीन मिस्त्रींनी आणूच दिली नाही. कडेला पेनच्या निबेनं पडलेले शाईचे ठिपके तसेच ठेवले. आजोबांच्या हिशेबातल्या एका शून्याचा ठसाही, तिरप्या उजेडात दिसतो. मग स्पिरिटनं पुसून लाखेचे दोन पातळ हात. एक दिवस थांबून व्हार्निशचे तीन हात, प्रत्येकाच्या मधे एक दिवस आणि ४०० नंबरचा हलका पेपर. आधीचे दोन ग्लॉस, शेवटचा सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचा. मॅटपणा येतो तो आत मिसळलेल्या बारीक सिलिकामुळे. सगळे थर मॅट केले तर लाकडाच्या रेषा धुक्यातून पाहिल्यासारख्या दिसतात.

वस्तू खरोखर दुर्मिळ असेल, कोरीव काम असेल, मूळ पॉलिश शाबूत असेल, तर यातलं काहीच करू नका. मऊ कापडानं पुसा, मेण लावा आणि जाणकाराला दाखवा. आपल्याकडच्या १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरायला साधारणपणे किमान शंभर वर्षं लागतात. आमचं टेबल त्या पंगतीत नाही, ते कामाचं टेबल आहे. उलट, घरात दोन लहान मुलं असतील, टेबल रोज जेवायला लागत असेल आणि ते वारसा वगैरे नसून रे रोडच्या वखारीतल्या जुन्या फळ्यांचं करून घेतलेलं असेल, तर सरळ टू पॅक पीयू मारा. फक्त आधीचं मेण आणि तेल काढून, कारखान्यात, कोरड्या दिवसांत.

कोरडे दिवस म्हणजे दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. पावसाळ्यात स्पिरिटचं पॉलिश मारलं की स्पिरिट भरभर उडताना लाकूड गार होतं, त्यावर हवेतली वाफ बसते आणि पॉलिश दुधी होतं. दिवाळीआधी सगळ्यांनाच घाई असते आणि ऑक्टोबरात पॉलिशवाला सापडत नाही, हे मला कळतं. दिवाळी जाऊ द्या.

कुठलंही पॉलिश ठरवण्याआधी टॉपच्या खालच्या बाजूला हातभर पट्टीवर ते मारून घ्या, दोन-तीन आठवडे पिकू द्या, मग टेबल उलटं करून त्यावर घरची परीक्षा घ्या: हळद घातलेलं फोडणीचं तेल, लिंबाची फोड, सॅनिटायझरचा थेंब, गरम चहाचा कप. पाच मिनिटांनी पुसा, आणि एक डाग मुद्दाम रात्रभर ठेवा, कारण घरात तसंच होतं. कुकर या परीक्षेत बसवू नका. शिट्टी झालेला कुकर १२० अंशांच्या आसपास असतो, त्याच्या खाली अडणीच हवी.

आमचं टेबल फेब्रुवारीत तयार झालं. वरून दुसऱ्या दिवशीच कोरडं वाटत होतं, पण आतून व्हार्निश घट्ट व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोवर वर्तमानपत्र ठेवलं तर अक्षरं उमटतात, आणि प्लास्टिकचं आच्छादन टाकलं तर ते चिकटून स्वतःची नक्षी सोडतं. प्लास्टिक मऊ ठेवायला जे द्रव्य घालतात ते हळूहळू पॉलिशलाही मऊ करतं, म्हणून खरं तर ते नंतरही नकोच. सुती कापड चालेल. हे सगळं मी आईला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. क्रॉफर्ड मार्केटहून आणलेला जाड, पारदर्शक, कडेला सोनेरी वेलबुट्टी असलेला प्लास्टिकचा तुकडा, टेबलाच्या बरोबर मापाचा, कपाटावर गुंडाळून ठेवलाय. दर रविवारी ती विचारते, "झाले का गं तुझे आठवडे?"